पुतळा दिसतो, पलटण दिसत नाही!

मुंबई-गोवा महामार्गाने खांबहून दक्षिणेला निघालं की कोलाड, इंदापूर आणि मग माणगाव. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला, हे अनेकांना ठाऊक असतं. पण त्यांची पलटण कोणती आणि तिच्यातून आपल्या गावांतले आणखी कोण कोण गेले? इथे बहुतेक जण गप्प होतात.

काय घडलं होतं?

१० जुलै १९४४. इटलीतलं तिबेर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात घाडगेंच्या तुकडीतले बाकी सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. त्यानंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघं २२. गाव पळसगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा.

त्यांची पलटण कोणती?

मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तीन-चार पलटणी मिळून एक ब्रिगेड होते. ब्रिगेड बदलत राहते, पलटण मात्र आपली ओळख टिकवते. हीच पलटण पहिल्या महायुद्धात ‘११०वी मराठा’ म्हणून १८व्या ब्रिगेडमध्ये इराकमध्ये लढली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ती अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. मार्च १९४१ मध्ये ती ९व्या ब्रिगेडबरोबर एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर चढली. पुढे १०व्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत गेली. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ विमानांतून उतरली.

ही इंग्रजांचीच लढाई ना?

हा प्रश्न रास्त आहे. युद्ध कुठे आणि कुणाशी करायचं, हे या जवानांना कुणी विचारलं नव्हतं. पण इंग्रजांनी तरी त्यांची आठवण कशी ठेवली? इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा लिहिला. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने २०२१ मध्ये अशा भेदभावाबद्दल माफी मागितली.

माझं म्हणणं एवढंच, की एक पुतळा उभारून बाकीच्यांना विसरलो तर आपणही तेच करतो आहोत. एकाचं नाव ठेवायचं आणि इतरांचा आकडाही नाही!

आपण काय करू शकतो?

या आयोगाच्या वेबसाइटवर शहीद सैनिकांची यादी मोफत पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक भारतीय जवानांच्या नोंदीत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गावही सापडतं. एक लक्षात ठेवा, तिथे ‘रायगड’ शोधून उपयोग नाही. हे नाव १९८१ चं. जुन्या नोंदींत ‘कुलाबा’च असतो, तोही इंग्रजी स्पेलिंगमध्ये.

पेण-रोह्यातल्या एखाद्या शाळेने नववीच्या मुलांना हे काम दिलं, तर एका सहामाहीत तालुक्याची यादी उभी राहील. मात्र जे जिवंत परतले, ते त्या यादीत नाहीत. त्यांचा पुरावा म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतलं पदक, पेन्शनचं पुस्तक, एखादं पत्र. जुनी घरं पाडून नवी बांधताना हेच आधी भंगारात जातं. घर पाडण्याआधी ती ट्रंक उघडा आणि आतल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढा.

इटलीत माँटोनेला २०२३ मध्ये घाडगेंच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. परक्या मुलखाने आठवण ठेवली. गावाच्या वेशीवर नावांचा एक फलक लावणं आपल्याला जड जाऊ नये.