चावी कपाटात, बॅटरी डाऊन

महाड-पोलादपुरात आपल्या कित्येक घरांसमोर कव्हर घातलेली गाडी उभी असते. मालक कुवेत-दुबईत, चावी कपाटात. घड्याळ, अलार्म थोडा थोडा करंट खातच राहतात. महिना-दोन महिन्यांत बॅटरी उतरते. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट जमून कायमची जाते. निगेटिव्हची वायर काढून ठेवली की बॅटरी टिकते, खरंय. पण 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. अशा वेळी अम्मी-अब्बांना उंचावर न्यायचं, की पाना शोधत बसायचं? माझं मत, चावी लायसन्सवाल्या भाच्याकडे द्या. आठवड्यातून एकदा महाडहून पोलादपूरपर्यंत फेरी मारू दे. दारात पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही. पेट्रोलचे पैसे मात्र तुम्हीच पाठवा.