तपासणीच्या चिठ्ठीने दात वाचत नाही

जव्हार-मोखाडा म्हटले की आपल्याला कुपोषण आठवते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग महाराष्ट्राला माहीत झाला. तेव्हापासून इथल्या मुलांचे वजन मोजले जाते, दंडाचा घेर मोजला जातो. पण ज्या तोंडाने मूल जेवणार, त्या तोंडात कोण डोकावते? दाढ ठणकत असेल तर ते नागलीची भाकरी चावणार कसे? रात्रभर जागलेले मूल शाळेत शिकणार काय?

योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमात फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासायची आहेत. आजारांच्या यादीत दातही आहेत. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. कीड दिसली की हातात पडते ती मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. मोखाड्याच्या पाड्यावरून मुलाला घेऊन तिथे जायचे म्हणजे आईची किंवा बापाची दिवसाची मजुरी बुडते. दुखणे थोडे थांबले की चिठ्ठी मागे पडते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे तक्रार नोंदवणे आणि तक्रार सुटणे हे दोन वेगळे रकाने असतात. किती मुले तपासली याला पहिल्या रकान्याइतकीच किंमत आहे. किती दात वाचले, हा दुसरा रकाना आपण विचारायला हवा.

‘दुधाचे दात पडणारच, कशाला खर्च?’ हे वाक्य पाड्यावर ऐकू येते तसे आपल्या मोहल्ल्यातही. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कळतही नाही. तीही दुधाचीच समजून सोडली जाते, किडते आणि जन्मभरासाठी जाते. नियमित तपासणी हवी ती यासाठी.

उपाय महागडे नाहीत. लहान मुलांना मशीनने दात साफ करून घेण्यापेक्षा रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने घासण्याची गरज जास्त. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडीवर लावले की कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते. डाग काळा पडतो, पण ड्रिल लागत नाही, वीजही लागत नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, सोबत फ्लोराइड पेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही. हे सगळे आश्रमशाळेच्या वर्गात बाकावर करता येते. मुलांना डॉक्टरकडे पाठवण्याऐवजी दंतवैद्याने शाळेत यावे, एवढीच मागणी आहे.

मग यात आपला काय संबंध? दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर कामाला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडे येतात. मुले सोबत असतात. गावच्या शाळेत पथक आले तेव्हा ती गावात नसतात आणि भट्टीवर त्यांची नोंद कुणाकडे नसते. म्हणजे वर्षातले काही महिने ही मुले आपली शेजारी असतात. शिवाय चहा-बिस्किटावर आणि पाच रुपयांच्या पुड्यांवर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या दाढा काही वेगळ्या नाहीत.

आपल्यातली बरीच मुले-मुली आज बीडीएस होत आहेत. एका दिवसाचे शिबिर, ब्रशवाटप आणि ग्रुप फोटो यांची गरज नाही. एक आश्रमशाळा किंवा एक भट्टी धरा. मुख्याध्यापक आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने ठेवा: काय दिसले, काय केले. सहा महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा जा. ज्यांना डॉक्टरी येत नाही, त्यांनी वही सांभाळावी, गाडीची सोय करावी, माहितीच्या अधिकारात दुसऱ्या रकान्याचा हिशेब मागावा. रिकामा रकाना दिसला की तो भरेपर्यंत विचारत राहायचे, हे काम आपल्यापैकी कुणालाही जमेल.