‘भुताने फसविले हो!’

‘महल’चा विषय निघाला की चारचौघांत एक तरी गृहस्थ चकलीचा तुकडा मोडीत म्हणतोच, “सगळे झकास, पण जिला भूत समजून एवढे भ्यालो, ती अखेर निघाली माळ्याची पोर! शुद्ध फसवणूक!” आजवर हे मी मुकाट्याने ऐकून घेतले. यंदा ऐकून घेणार नाही.

कमाल अमरोहींचा हा बोलपट बॉम्बे टॉकीजने १९४९ साली काढला. नदीकाठचा ओसाड वाडा, वादळी रात्र, भिंतीवरच्या तसबिरीत आपलाच चेहरा पाहून दचकणारा अशोककुमार आणि झोपाळ्यावर मधुबाला! भुताटकीचा सगळा सरंजाम यात आहे. नाही ते फक्त भूत. आणि माझे म्हणणे असे की, भूत नाही म्हणूनच हा बोलपट खरा भयंकर आहे.

जरा विचार करा. माळ्याची मुलगी म्हणून आशा त्या वाड्यात जन्मभर वावरली असती, तरी मालकाने तिची वास्तपुस्त केली नसती. तीच पोर मेलेल्या कामिनीचे सोंग घेते, आणि हा सुशिक्षित माणूस तिच्यापायी वेडा होतो. जिवंतपणी जिला कोणी विचारीत नाही तिला, कोणी पाहावे म्हणून, मेल्याचे नाटक करावे लागते. यात फसवणूक कोणाची झाली?

आणि रंजना? तिच्याबद्दल आमचे गृहस्थ चकार शब्द काढीत नाहीत. लग्नाची बायको ती; पण नवरा देहाने तिच्याजवळ आणि मनाने वाड्यात. शेवटी ती विष घेते, आणि त्याचा आळ नवऱ्यावर ठेवून मरते. तिची दखल घेतली जाते ती त्यानंतर, कोर्टात! भुताला मांत्रिक तरी मिळतो. असल्या नवऱ्यावर कोणत्या मांत्रिकाकडे उतारा आहे?

पडद्याबाहेरही तेच घडले. खेमचंद प्रकाशांच्या चालीवर त्या वाड्यात घुमलेला आवाज वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा. पण तबकडीवर नाव छापले ते ‘कामिनी’! गाणारी मुलगी जिवंत, आणि नाव मात्र भुताचे. ही बाई कोण, असे श्रोत्यांनी रेडिओला विचारले, तेव्हा कुठे तिचे नाव कळले.

हल्लीच्या भयपटांत घडोघडी दार धाडकन आपटते, कोणीतरी किंचाळते. आपणही दचकतो, आणि घरी येऊन स्वस्थ झोपतो. ‘महल’ पाहून मला झोप आली नाही ती भुतामुळे नव्हे, रंजनामुळे.

तेव्हा महाराज, भुताने फसविले ही तक्रार पुरे करा. पुढल्या खेपेस चकलीची ताटली समोर आली की एवढेच करा: ती कोणी आणून ठेवली, हे मान वर करून पाहा.