संगणक बदलून देणे हे कंपनीचे देणे आहे



रविवारच्या पुरवणीतला इलेक्ट्रिक गाड्यांवरचा लेख वाचला. ‘या गाड्या जुन्या होतच नाहीत, एका रात्रीत सॉफ्टवेअर बदलले की गाडी नवी’ हा त्यातला दावा वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. सॉफ्टवेअर एका रात्रीत बदलते हे खरे. पण ते ज्या संगणकावर चालते तो संगणक तोच राहतो, काचेमागचे कॅमेरे तेच राहतात आणि दोघांना जोडणारी वायरिंगही तीच राहते. लेखात कौतुक टेस्लाचे आहे, तेव्हा हिशेबही टेस्लाचाच मांडतो.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीने जाहीर केले की, यापुढे कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत स्वतःहून चालण्यासाठी लागणारे सगळे हार्डवेअर असेल. आठ कॅमेरे, बारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक रडार आणि एनव्हिडियाचा संगणक. सॉफ्टवेअर मागाहून येणार होते, पैसे मात्र आधी द्यायचे होते. ‘एन्हान्स्ड ऑटोपायलट’चे ५ हजार डॉलर आणि त्यावर ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’चे ३ हजार. लोकांनी ते भरले. हार्डवेअर गाडीत आहे, हा शब्द कंपनीने दिला होता आणि माझा सगळा वाद त्या शब्दाशी आहे.

तो संगणक पुरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने स्वतःची चिप असलेला नवा संगणक आणला, तोच एचडब्ल्यू३. पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी त्याच कार्यक्रमात सांगितले. ज्यांनी सेल्फ ड्रायव्हिंगचे पैसे आधीच भरले होते त्यांना हा संगणक मोफत बसवून मिळाला. ते रास्तच होते. पण जुलै २०२१ मध्ये तीच सुविधा महिन्याला १९९ डॉलर भाड्याने मिळू लागली, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांकडे संगणक बदलायचे १,५०० डॉलर मागितले गेले. ओरड झाल्यावर ते १,००० वर आले. गाडी विकताना हार्डवेअर पुरेसे आहे म्हणायचे आणि सुविधा घ्यायला आलेल्याच्या हातात त्याच हार्डवेअरचे बिल ठेवायचे, हा कुठला व्यवहार?

आता एचडब्ल्यू३ चे पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये फुल सेल्फ ड्रायव्हिंगची किंमत १५ हजार डॉलरवर गेली. सर्वांत महाग दर हाच आणि त्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत संगणक होता एचडब्ल्यू३. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, मस्क यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की, येऊ घातलेला एचडब्ल्यू४ जुन्या गाड्यांत बसवणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नाही. आणखी दोन वर्षांनी, जानेवारी २०२५ च्या तिमाही बैठकीत, त्यांनीच मान्य केले की ज्यांनी फुल सेल्फ ड्रायव्हिंगचे पॅकेज विकत घेतले त्यांचे एचडब्ल्यू३ बदलावे लागतील, काम त्रासाचे आणि अवघड आहे, पण करू. तारीख सांगितली नाही. वर, फार लोकांनी हे पॅकेज घेतले नाही याचे आता बरे वाटते, असेही बोलून गेले. ज्यांनी विश्वासाने हजारो डॉलर आगाऊ मोजले ते संख्येने थोडे आहेत, याचे समाधान कंपनीचा प्रमुख उघडपणे व्यक्त करतो, हे मला संतापजनक वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने एचडब्ल्यू३ साठी सॉफ्टवेअरची हलकी आवृत्ती २०२६ च्या दुसऱ्या तिमाहीत अपेक्षित असल्याचे सांगितले. हलकी आवृत्ती दिल्याने अपुऱ्या संगणकाचे देणे फिटत नाही.

काम अवघड आहे, हे मला कळते. माझी सगळी नोकरी सर्किट बोर्डांवर गेली. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये हा संगणक ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. २०१९ चा संगणक आधीच्याच जागेत, आधीच्याच जोडण्यांवर बसावा अशा बेताने आखला होता, म्हणून सर्व्हिस सेंटरला तो बदलणे जमले. एचडब्ल्यू४ ची गोष्ट निराळी आहे. बोर्डाचा आकार वेगळा, वीज जास्त खाणारा, आणि त्याच्याबरोबरचे कॅमेरे सुमारे ५ मेगापिक्सेलचे, तर जुन्या गाडीतले १.२ मेगापिक्सेलचे. म्हणजे जुन्या जागेत बसेल असा संगणक मुद्दाम बनवावा लागेल. बनवावा. शब्द देताना अडचणींचा विचार करायचा होता. त्याचा भार ग्राहकाने का उचलायचा?

प्रत्येक जुन्या गाडीला नवे यंत्र फुकट द्या, असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१४ पासूनच्या दोन वर्षांत निघालेल्या टेस्लांत मोबिलआय या दुसऱ्या कंपनीची चिप आणि पुढे पाहणारा एकच कॅमेरा होता. त्या गाड्यांना नंतरचा संगणक कधीच मिळाला नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ही गाडी उद्या स्वतःहून चालेल असे सांगून कुणी त्यांच्या मालकांकडून पैसे घेतले नव्हते. हक्क पैसे आणि शब्द यांतून तयार होतो. २०२३ मध्ये कंपनीने काही काळ जुन्या गाडीवरचे पॅकेज नव्या गाडीवर नेऊ दिले, पण त्यासाठी आधी नवी टेस्ला विकत घ्यायची! येणे वसूल करायला ग्राहकानेच पुन्हा खिशात हात घालावा, ही सवलत होऊ शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायाधीशांनी स्वतःहून चालण्याच्या या दाव्यांवरून कॅलिफोर्नियातील खरेदीदारांना सामूहिक खटला चालवायची मुभा दिली आहे. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

कारण हे लोण इथे आलेले आहे. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे शोरूम उघडले, तेव्हा ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू होणाऱ्या गाडीच्या यादीत फुल सेल्फ ड्रायव्हिंगचे ६ लाख रुपये वेगळे लावलेले होते. ती सुविधा तेव्हा भारतात सुरूही नव्हती. पुढे कधीतरी मिळेल अशा गोष्टीचे आधीच सहा लाख, म्हणजे २०१६ चाच प्रकार, फक्त रुपयांत. या गाड्यांत एचडब्ल्यू४ आहे म्हणून निश्चिंत राहायचे कारण नाही. एचडब्ल्यू३ बद्दलही लोकांना असाच विश्वास दिला गेला होता.

आणि आपले राज्य सरकार काय करते? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला आणि महिना संपायच्या आत मागे घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अटल सेतूवर या गाड्यांना टोलही नाही. पीएमपीच्या बस स्टॉपवर ताटकळणाऱ्या माणसाच्या कराच्या पैशातून ही माफी दिली जाते. माफी देताना कंपनीला एकही अट घालता येत नाही का? माझी स्वतःची इलेक्ट्रिक गाडी दुसऱ्या एका कंपनीची आहे. गाडी घेताना ज्या अ‍ॅपचे गुण गायले, ते मुदत संपताच पैसे मागू लागले. नव्या मॉडेलचा कॅमेरा जुन्याला बसेल का, असे विचारले तर सर्व्हिस सेंटरवाले नव्या गाडीचे माहितीपत्रक पुढे करतात. तेव्हा रोग एका कंपनीपुरता नाही.

चालक-साहाय्याची जी सुविधा आज चालू नाही तिचे पैसे घ्यायचे असतील, तर ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे बिलावर छापलेच पाहिजे. गाडीतला संगणक अपुरा पडला तर तो कंपनीने स्वखर्चाने बदलावा, नाहीतर सगळी रक्कम व्याजासह परत करावी. हा हक्क गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावा, म्हणजे सेकंडहँड घेणारा उघडा पडणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाची तरतूद केली आहे आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करता येते. प्राधिकरणाने ती करावी, आणि राज्याच्या परिवहन विभागाने वरील अटी लेखी मान्य न करणाऱ्या कंपनीच्या गाड्यांची करमाफी आणि टोलमाफी थांबवावी.

— एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, कोथरूड, पुणे