पुस्तक निवडताना मोटारीचे प्रकरण पाहा

पेण-रोह्याच्या शाळांनी यंत्रमानव बनविण्याच्या छंदासाठी पुस्तके घेताना मुखपृष्ठास भुलू नये. मोटारीचे प्रकरण तेवढे उघडावे. आर्डुइनो उनो या फलकाच्या एका पिनेतून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेणे इष्ट. लहानशी मोटारही त्याच्या कित्येक पट मागते. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा. हे कारण न सांगता केवळ तारा कोठे जोडाव्यात एवढेच दाखविणारे पुस्तक म्हणजे निव्वळ साचा. पेणच्या गणेशमूर्तीलाही साच्यानंतर डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते! इंग्रजीचा धाक वाटणाऱ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांची मराठीत आलेली पुस्तके आधी घ्यावीत. ती यंत्रमानवाची नव्हेत. पण सेल, चुंबक आणि तांब्याची तार यांतून मोटार फिरविण्याची गुप्तांची कृती मुलास स्वतः करता येते.