आधी बाईंना उसंत द्या

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा बीड, जालना, पाथर्डी-शेवगाव या पट्ट्यातल्या अनेक प्राथमिक शाळांचे वर्ग पहिल्यासारखे राहिलेले नसतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. काही मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात, काही आजीआजोबांजवळ राहतात, काहींची सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात होते. मागे राहिलेल्या पहिली-दुसरीतल्या मुलाला आता कित्येक महिने आई दिसणार नसते. ते वर्गात गप्प बसते, शेजारच्याची वही हिसकावते, किंवा एरवी जमणाऱ्या वजाबाकीशी अडून रडू लागते. हजेरीपटावर ते हजर असते, पोषण आहाराच्या हिशेबातही धरलेले असते. मात्र त्याच्या मनात काय चालले आहे, यासाठी कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. शहरातल्या मुलाची दुखणी वेगळी आहेत, पण तीही अशीच नोंदीबाहेर राहतात. लहान मुलांच्या मनाचा सांभाळ प्राथमिक शाळेने कसा करावा, हा प्रश्न म्हणून यंदाच्या अंकाच्या पहिल्याच पानावर मांडावासा वाटला.

या प्रश्नाकडे कोणाचेच लक्ष नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्ली सरकारने 2018मध्ये आपल्या शाळांत आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा रोजचा तास सुरू केला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सामाजिक आणि भावनिक क्षमतांना शिक्षणाच्या उद्दिष्टांत जागा दिली. महाराष्ट्राने 2024मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असेही ठरवले. मुलांची झोप आणि मन यांचा विचार सरकारी आदेशात होऊ लागला, हे चांगलेच झाले. तरीही या सगळ्या प्रयत्नांमागे एक समजूत आहे आणि ती मला अपुरी वाटते. राग आवरणे, भीती बोलून दाखवणे, हरल्यावर पुन्हा खेळात येणे ही कौशल्ये मुलाला तासिका लावून शिकवता येतील, अशी ती समजूत. सहा-सात वर्षांचे मूल हे एकट्याने शिकत नाही. शेजारी शांत राहणारे, दिलेला शब्द पाळणारे मोठे माणूस असेल तर त्याच्या आधाराने ते आधी सावरते आणि पुष्कळदा असे सावरल्यानंतर कधीतरी आपले आपण सावरू लागते. शाळेत हे मोठे माणूस म्हणजे बाई किंवा गुरुजी. त्यांच्याकडेच वेळ आणि स्वास्थ्य नसेल, तर शनिवारचा उपक्रम कितीही चांगला आखला तरी त्याने फारसे साधणार नाही.

याचा एक बोलका पुरावा एका प्रसिद्ध प्रयोगातून मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे एक गोड पदार्थ ठेवला आणि थोडा वेळ थांबलास तर आणखी मिळेल, असे सांगितले. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, असे दिसले. संयम हा मुलाचा अंगचा गुण असतो, हे मत त्यावरून जगभर पसरले. पण 2018मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती आणि आधीची तयारी लक्षात घेतल्यावर तो फार क्षीण उरला. त्याआधी, 2013मध्ये, अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या प्रयोगात एक साधा बदल केला होता. काही मुलांना चांगले रंग आणून देतो असे सांगून ते खरोखर आणून दिले, काहींना नुसते आश्वासन देऊन रिकाम्या हाताने परत आले. मग तोच खाऊचा प्रयोग केला. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, ज्यांची निराशा झाली होती ती जेमतेम तीन मिनिटे. प्रयोगात मुले अवघी 28 होती, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. पण दिशा स्पष्ट आहे. मोठ्यांचे सांगणे खरे ठरत नाही असा अनुभव असलेले मूल थांबत नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच असते. अशा मुलाला ‘हावरट’ किंवा ‘उनाड’ ठरवण्याआधी त्याला किती आश्वासने मिळाली आणि त्यातली किती पाळली गेली, हे विचारायला हवे.

मोठ्या पाहण्यांतूनही हेच हाती लागते. अमेरिकेतल्या जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये शाळांमधल्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी होते दोन लाख सत्तर हजार. मुलांचे वागणे सुधारले, शिवाय शैक्षणिक कामगिरीतही 11 शततमकांची वाढ दिसली. मनाच्या गोष्टींत वेळ घालवला तर वाचन-गणित मागे पडेल, या भीतीला हे उत्तर आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: अभ्यासातली ही सुधारणा कार्यक्रम शाळेतल्याच माणसांनी चालवला तिथेच ठळकपणे दिसली. उलट बाजूचा पुरावाही दडवू नये. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांना शाळेत सजगतेचे धडे देऊन पाहिले. 2022मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा या धड्यांचा वेगळा लाभ झाल्याचे दिसले नाही. ती मुले अकरा ते चौदा वर्षांची होती, त्यामुळे प्राथमिक शाळेला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण डोळे मिटून श्वास मोजायला लावले की मन शांत होईल, या भाबड्या आशेला त्याने आळा बसावा.

आता आपल्या शाळांकडे पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात. म्हणजे छोट्या गावात पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब, मतदार यादीचे काम, तातडीच्या बैठका. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीनिवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे त्याच कायद्याचे 27वे कलम सांगते. केंद्रावरून ‘आजच माहिती पाठवा’ असा निरोप आला, की वर्गात रडणारे मूल थांबते आणि तक्ता आधी भरला जातो. यात शिक्षकाच्या मायेची कमतरता नसते, त्याच्या हातात वेळच नसतो. खरे तर मुलाला लागते ते अगदी साधे आहे. परिपाठाच्या वेळी कोणाचा चेहरा उतरला आहे हे दिसावे. चिडलेल्या मुलाला सर्वांसमोर उभे न करता जवळ बसवावे, ‘तुला राग आलाय, कशाचा ते नंतर सांग’ इतके म्हणावे आणि ‘नंतर’ खरोखर त्याच्याकडे जावे. दिवसाचा क्रम ठरलेला असावा. याला वेगळा निधी लागत नाही, वर्गात टिकून राहणारे माणूस लागते.

‘आम्ही मार खाऊनच घडलो,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते घडले हे खरे, पण छडीच्या धाकाने ज्यांनी चौथीआधीच शाळा सोडली ते साक्ष द्यायला इथे नाहीत. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला कायद्याने मनाई आहेच. शिवाय मारून शांत केलेले मूल भीतीने गप्प बसते, राग आवरायला शिकत नाही. हे घरचे काम आहे, असा दुसरा आक्षेप. घर आहे त्यांच्यासाठी तो निदान विचारात घेता येईल, पण ज्याचे घर सहा महिने उसाच्या फडावर आहे, त्याला शाळेशिवाय कोण? शिक्षक समुपदेशक नाहीत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. गंभीर दुखावलेल्या मुलासाठी तज्ज्ञ हवेच, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते नेमणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती शिक्षकाच्या खांद्यावर टाकू नये.

हे परदेशी खूळ म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी बोर्डी आणि कोसबाड आठवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून तिथल्या आदिवासी मुलांत काम केले. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांच्या अंगणात बालवाडी भरवली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ उभे केले. मूल आहे त्या ठिकाणी आणि आहे त्या मनःस्थितीत त्याला भेटणारे शिक्षक महाराष्ट्राने पाहिले आहेत.

वाचकांना एक विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले मूल सरकारी शाळेत असेल किंवा गावच्या शाळेशी संबंध असेल, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत विचारा की गेल्या सत्रात बाई किती दिवस आणि कोणत्या कामासाठी वर्गाबाहेर होत्या. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्यातले जे काम कायद्यात बसत नाही ते थांबवण्याचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.