बाकी, शेष आणि मॉड्युलो

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक चिन्ह येते आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिली ठेच बहुधा तेथेच लागते. चिन्ह टक्क्याचे, अर्थ मात्र टक्क्याचा नाही. ‘१७ % ५’ असे फळ्यावर लिहिले की मुले मनातल्या मनात सतराचे पाच टक्के काढू लागतात; उत्तर २ आहे असे सांगितले की ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. याला ‘मॉड्युलो ऑपरेटर’ म्हणतात, एवढे त्यांना कळते. मॉड्युलो म्हणजे काय, हे सहसा कोणी सांगत नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक. आमचा या चिन्हाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्याशाखांमधल्या भिंती थोड्या खाली आल्या आहेत. कला शाखेची मुले संगणकाचा एखादा अभ्यासक्रम घेतात आणि विज्ञानाची मुले मराठीच्या तासाला येऊन बसतात. लोधिवली, चौक, खालापूर, कर्जत या पट्ट्यातली ही मुले. चौथीत त्यांनी भागाकार केला आहे, भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे चारही शब्द त्यांना पाठ आहेत, आणि तरीही ‘मॉड्युलो’पाशी ती अडखळतात. त्यांना गणित येत नाही असा निष्कर्ष मग काढला जातो. आमच्या मते हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. त्यांना येत असलेल्या गणिताचे नाव बदलले गेले आणि बदलल्याचे त्यांना कोणी कळवले नाही, एवढेच झालेले असते.

‘मॉड्युलो’ हा शब्द लॅटिन. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथातून तो गणितात रूढ झाला. ‘अमुक मापाने’ असा त्याचा साधा अर्थ. पाचच्या मापाने सतरा मोजले तर तीन मापे भरतात आणि दोन उरतात. आता आपले शब्द पाहावेत. ‘बाकी’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि सावकाराच्या वहीपासून ‘बाकी काय म्हणता?’ या कुशलप्रश्नापर्यंत सगळीकडे स्थिरावला. ‘वजाबाकी’ या शब्दात तो आहेच. ‘शेष’ संस्कृतातला, ‘शिष्’ म्हणजे उरणे या धातूचा. ‘अवशेष’ आणि ‘विशेष’ ही त्याच घरातली माणसे. भाग पूर्ण गेला तर शाळेत आपण ‘निःशेष भाग गेला’ असे म्हणतो. एखादी संख्या सम आहे की विषम, हे तपासण्यासाठी नवशिक्याला जी ओळ लिहावी लागते तिचा अर्थ ‘दोनने निःशेष भाग जातो का?’ एवढाच आहे. हे वाक्य मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात ज्यांच्या घरातले कोणी पाळीत काम करते, त्यांना तर बाकीचा उपयोगही ठाऊक असतो. दर आठवड्याला पाळी बदलते, पाळ्या तीन. आज पहिली असेल तर दहा आठवड्यांनी कोणती? दहाही आठवडे बोटांवर मोजत कोणी बसत नाही. नऊ गेले, एक उरला, म्हणजे दुसरी. येथे भागाकार किती आला याला कोणी विचारत नाही. उरते तेच कामाचे. ही उलटापालट लक्षात आली की मॉड्युलो समजले. शाळेतल्या भागाकारात बाकी हा उष्टा घास असतो, फिरत्या क्रमाच्या हिशेबात तीच उत्तर असते.

परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी याहून जवळचे ठिकाण आहे, ते म्हणजे छंदःशास्त्र. अक्षरगणवृत्तात चरणाची अक्षरे तीन-तीनच्या गटांत पाडतात. भुजंगप्रयाताच्या बारा अक्षरांत चार ‘य’ गण बरोबर बसतात, बाकी शून्य. वसंततिलकाची अक्षरे चौदा. त, भ, ज, ज हे चार गण झाल्यावर दोन गुरू उरतात. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस, म, स, ज, स, त, त आणि बाकी एक गुरू. आपल्या छंदःशास्त्रकारांनी ही बाकी टाकून दिली नाही. गटात न बसलेल्या अक्षरांसाठी त्यांनी ‘ल’ आणि ‘ग’ अशी स्वतंत्र नावे राखली. विद्यार्थी ‘म स ज स त त ग’ असे पाठ करतो तेव्हा शेवटचा ‘ग’ हा एकोणीसला तिनाने भागल्यावरची बाकी असते, हे त्याला एकदा दाखवून द्यावे. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

गण लक्षात ठेवण्याचे ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यायची, की त्या गणाचा लघुगुरुक्रम मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लघु, गुरू, गुरू. ‘जभान’ म्हणजे लघु, गुरू, लघु. गण आठ, मग सूत्रात अक्षरे दहा का? कारण ‘न’ आणि ‘स’ या शेवटच्या गणांना पुढची अक्षरे कमी पडतात. त्यांच्यासाठी ‘ल’ आणि ‘गा’ जोडलेली आहेत. आता गंमत पाहा. ‘लगा’ म्हणजे लघु, गुरू. आणि सूत्राच्या आरंभीचे ‘यमा’ हेही लघु, गुरूच. म्हणजे आठ अक्षरे वर्तुळात मांडली तर जोडलेल्या दोन अक्षरांची गरजच उरत नाही. ‘स’च्या पुढे जायचे तर पुन्हा ‘य’वर यायचे. संगणकाच्या भाषेत हेच ‘क्रमांक अधिक एक, आठच्या मापाने’ असे लिहितात. यादीच्या शेवटाहून पुन्हा आरंभाला येणे हा मॉड्युलोचा नवशिक्याने करावयाचा सर्वांत उपयुक्त प्रयोग, आणि तो मराठीच्या द्वितीय वर्षाच्या पुस्तकात आधीच छापलेला आहे.

पिंगलाच्या छंदःशास्त्रातली ‘नष्ट’ नावाची रीत याच्याही पुढची आहे. तीन अक्षरांच्या आठ रचना ठरावीक क्रमाने मांडल्या की त्यांचा प्रस्तार होतो. त्यातली सहावी ओळ पुसली गेली आहे, ती पुन्हा कशी मिळवायची? सहा सम आहे, म्हणून लघु लिहा आणि निम्मे करा, तीन. तीन विषम, म्हणून गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा, दोन. दोन सम, पुन्हा लघु. लघु, गुरू, लघु, म्हणजे ‘ज’ गण. आणि प्रस्तारात सहावा गण ‘ज’च आहे. दोनने भागून बाकी पाहणे, तिच्यावरून निर्णय घेणे आणि हीच कृती पुन्हा करणे, हे तिन्ही येथे आहे.

येथे एक सावधगिरी हवी. पिंगलाने संगणक शोधला, असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणाऱ्यांच्या सभांना जाण्याचाही आम्हांस उत्साह नाही. त्याला लघुगुरूंचा प्रश्न सोडवायचा होता, तो त्याने सोडवला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून अशा अभिमानाच्या भाषणांना ऊत आला आहे. आमचे म्हणणे फार लहान आणि व्यावहारिक आहे: जी गोष्ट मुलाच्या भाषेत आधीच आहे ती त्याला परकी म्हणून शिकवू नये. आणि यात दोष केवळ संगणकाच्या अध्यापकांचा नाही. छंदःशास्त्र ‘परीक्षेत चार गुणांचे’ म्हणून मराठीच्या विभागांनीच ते कोपऱ्यात टाकले. गण पाडणे म्हणजे रुक्ष पाठांतर, असे आमच्याच पिढीने ठरवले. आज शेजारच्या वर्गातल्या मुलाला त्याचा उपयोग होऊ शकतो, तेव्हा आपल्याकडे शिकवायला कोण आहे, हा प्रश्न आम्ही आपल्या सहकाऱ्यांना विचारू इच्छितो.

या जिल्ह्याकडेही पाहावे. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ रचले. त्याचा आरंभशक १४४२, म्हणजे १५२० सालचा. महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके त्याच्या आधारे होत आली. त्यातली पहिलीच कृती अशी: इष्ट शकातून १४४२ वजा करा, अकराने भागा, भागाकाराला ‘चक्र’ म्हणा, आणि बाकीला बाराने गुणून त्यात चैत्रापासून गेलेले महिने मिळवा. मोठे आकडे टाळण्यासाठी अकरा वर्षांची मोट बांधून बाजूला ठेवायची आणि उरलेल्यावर काम करायचे, ही युक्ती. शके १९४७ घेतले तर ५०५ उरतात; चक्रे ४५, बाकी १०. पुढच्याच वर्षी, शके १९४८ला, चक्रे ४६ आणि बाकी शून्य.

शून्य बाकी नवशिक्याला नेहमी चकवते. साठ संवत्सरांचे उदाहरण द्यावे. शकात १२ मिळवून साठने भागले की बाकीइतका संवत्सराचा क्रमांक येतो. १९४७ला ३९, म्हणजे विश्वावसु. पण शके १९०८ला बाकी शून्य येते आणि शून्याचा संवत्सर नाही. पंचांग जाणणारा तेथे न अडखळता साठावा ‘क्षय’ घेतो. संगणक यादी शून्यापासून मोजत असल्याने तेथे १२ऐवजी ११ मिळवले की काम भागते. हा फरक ‘का’ पडतो हे मुलाने स्वतः शोधावे, सांगू नये.

उणे संख्यांची गोष्ट याहून अवघड. ज्ञानेश्वरीचे शक १२१२ घेऊन गणेश दैवज्ञाची कृती केली तर वजाबाकी उणे २३० येते. आता अकराने भागून बाकी किती? सी या भाषेचे उत्तर उणे १०, पायथॉनचे १. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. एक शून्याच्या दिशेने भाग तोडते, दुसरी खालच्या दिशेने. पण अकरा वर्षांच्या चक्रात उणे दहावे वर्ष कोठे असते? चक्र उणे २१ आणि बाकी १ धरली तरच १४४२पासून मागे जाऊन १२१२शी मेळ बसतो. हे उदाहरण आम्ही मराठीच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून सोडवायला देतो, आणि उत्तराआधी मराठीत वाद घालू देतो.